मे महिन्यातला इन्सुलिनचा डबा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहानशा शेडमधून फोन आला. "सर, डिसेंबरात डब्बा पाच दाखवत होता, आता चोवीस दाखवून राहिला. चिपच बोगस निघाली वाटते. तुम्ही एकदा येऊन पाहा ना जी."

डबा म्हणजे आठ लिटरचा, इन्सुलिन ठेवायचा. मालकांचा मूळ धंदा पंख्यांची जाळ्या-कव्हरं ठोकण्याचा. कोविडनंतर त्यांनी हा डबा सुरू केला. गिऱ्हाईक कोण, तर तालुक्याच्या गावातली मेडिकल दुकानं. वीज गेली की तिथला फ्रिज बंद पडतो आणि उन्हाळ्यात दुकानदाराचा जीव इन्सुलिनच्या खोक्यात अडकतो. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात आणि गोठता तर अजिबात कामा नयेत. डब्यात कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. बारा व्होल्टची बॅटरी, चाळीस मिलिमीटर चौरस पेल्टियर चिप (वीज दिली की एक तोंड गार आणि दुसरं गरम होणारी), तिच्या आतल्या बाजूला लहान हीट सिंक, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण करणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, बाहेरच्या बाजूला मोठा, दोन्हींवर पंखे. वीस डबे विकून झाले होते आणि त्यातले अकरा परत आले होते.

मी पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवून निवृत्त झालेला माणूस. तापमान मोजायचं थर्मोकपल, मल्टिमीटर आणि पाण्याची बाटली घेऊन गेलो.

शेडमध्ये दुपारी सव्वादोनला ४४ अंश होते. नागपूरकराला याचं विशेष नाही, २०१३च्या मे महिन्यात इथं ४७.९ पाहिलेलं आहे. पण डबा बनवणाऱ्यानं तो डिसेंबरात, २५ अंशांच्या खोलीत तपासला होता, आणि सगळी गोम तिथेच होती. मालकांनी मात्र दुखणं वेगळ्या ठिकाणी शोधलं होतं. पुतण्यानं मोबाईलवर वाचलं की ग्राफिन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, तांब्याच्या दहापट उष्णता वाहतं. मग ऑनलाइन काळी शीट मागवली. पाकिटावर '१५००' छापलेलं. चिप आणि बाहेरचा सिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट पुसून त्या जागी ही शीट कापून बसवली. डबा चोवीसचा सव्वीसवर गेला.

"इतकं महागाचं टाकलं, तरी गरमच मारून राहिलं," मालक म्हणाले. पुतण्या खाली मान घालून उभा.

आधी हिशोब चिपचा

जाँ पेल्टियर हा मूळचा घड्याळजी. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज एका दिशेनं गेली की सांधा गार होतो आणि उलट दिशेनं गेली की गरम, हे त्यानं १८३४मध्ये पाहिलं. चार वर्षांनी लेन्झनं बिस्मथ-अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला. धातूंकडून याहून जास्त काही निघेना, म्हणून गोष्ट शंभरेक वर्षं पडून राहिली. १९५४मध्ये गोल्डस्मिड आणि डग्लस यांनी बिस्मथ टेल्युराइड वापरलं, आणि आज नागपूरच्या बर्डी बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या चिपच्या पोटात तेच असतं. आपल्या चिपमध्ये अशा १२७ जोड्या, दोन सिरॅमिक पत्र्यांमध्ये उभ्या केलेल्या.

आता मालकांना जे कागदावर लिहून दाखवलं ते इथंही देतो, कारण यात बऱ्याच जणांची फसगत होते. त्या दुपारी, शीट न लावलेल्या डब्यात, १२ व्होल्टवर चिप ४.२ अँपिअर घेत होती, म्हणजे ५० वॅट. गरम तोंड ८६ अंशांवर, गार तोंड २२ वर. दोन तोंडांत ६४ अंशांचं अंतर. या स्थितीत चिप गार बाजूकडून साधारण ६२ वॅट उपसते. पण वीज जाताना चिप स्वतः तापते आणि त्या तापातला अर्धा, १८ वॅट, गार बाजूला येतो. शिवाय गरम तोंडाची उष्णता त्याच १२७ जोड्यांच्या पायांतून मागं झिरपते, ती ३७ वॅट. बासष्टमधून पंचावन्न गेले. हाती उरले सहा-सात. डब्याच्या भिंतींतून, झाकणाच्या रबरातून, बोल्टांतून आत येणारी उष्णता बरोबर तेवढीच होती, म्हणून काटा चोवीसवर थांबला.

"म्हंजे पगार बासष्ट हजार आन् हप्तेच पंचावन्न हजाराचे," मालक म्हणाले. माझ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे इतकं लवकर पकडलं नव्हतं.

चिप बोगस नव्हती. डिसेंबरात गरम तोंड ६३ वर होतं आणि बाहेरून येणारा भारही कमी. हप्ते भागत होते.

शीटचं काय झालं

मी सिंक खोलायला सांगितला. शीट हातात घेतली तर बोटं काळी झाली. ही बहुतेक ग्रॅफाइटची शीट असते, म्हणजे ग्राफिनचेच असंख्य थर एकावर एक. ग्राफिनची ख्याती खरी आहे. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४मध्ये ते वेगळं केलं, २०१०मध्ये नोबेल मिळालं, आणि अधांतरी ताणलेल्या एका थराची उष्णतावाहकता २००८मध्ये मोजली गेली ती ५००० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या घरात. तांबं ४०० ला थांबतं. पण हा आकडा थराच्या पातळीतला, आडवा. एका थरातून खालच्या थरात उतरायचं म्हटलं की थरांमधली पकड सैल आणि वाहकता पाच-दहांवर येते. पाकिटावरचे १५०० हे शीटच्या अंगानं होते. चिपची उष्णता शीटमधून आरपार जायची होती.

तरी आरपारचे दहा असले तरी ०.१ मिमीच्या शीटला ते पुरतात. गणितानं त्यात अर्धा अंशही जायला नको. मग दोन अंशांचं नुकसान कुठून झालं? सिंकच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला. मधोमध उजेडाची चीर दिसली. तळ सपाट नव्हता, आणि दोनच बोल्टांवर आवळलेला. पेस्ट ही फट भरून काढत होती, कोरडी शीट भरत नव्हती. फटीत हवा, आणि हवेइतकं वाईट वाहक शोधून सापडायचं नाही. पुतण्याला मी तो उजेड पाहायला लावला. त्यानं पट्टी स्वतः धरून चारही बाजूंनी पाहिलं आणि मग म्हणाला, "अन् मी शीटलाच शिव्या देत होतो."

आधीची पांढरी पेस्ट तरी बरी लावली होती का? परत आलेला एक न खोललेला डबा घेतला. चिप निघता निघेना, आणि निघाली तेव्हा पेस्ट चारी कडांनी लोण्यासारखी बाहेर आलेली, मध्ये जाड वरवंटा. एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा जसाच्या तसा उमटलेला. या थरात आठ अंश खर्च होत होते.

बाजारात ग्राफिन मिसळलेली पेस्टही मिळते, आणि तिच्यामागं खरं शास्त्र आहे. साध्या इपॉक्सीची वाहकता ०.२ च्या आसपास, त्यात ग्राफिनचे पातळ थर आकारमानानं दहा टक्के मिसळले की ती पाचच्या वर जाते, हे २०१२मध्ये प्रसिद्ध झालेलं काम आहे. आम्ही तळ काचेवर पॉलिश पेपर घासून सपाट केला, मग एकदा पांढरी पेस्ट पातळ लावली, एकदा ग्राफिनची. पांढऱ्या पातळ थरावर डबा २२ ला आला, ग्राफिनवर २१ ला. चोवीसवरून तीन अंश खाली, त्यातले दोन घासण्याचे आणि हात आवरण्याचे, एक ग्राफिनचा. मी पेस्ट वाईट म्हणत नाही. पण थर एवढा पातळ असला की त्यात वाचवायला मुळात फारसं नसतं.

पुढचे तीन दिवस

दुसऱ्या दिवशी मी व्होल्टेज उतरवलं. मालक घाबरले, त्यांच्या मते कमी वीज म्हणजे कमी गारवा. शीटही काढली, पेस्टही काढली, मूळचाच जाड थराचा डबा घेतला आणि १२ ऐवजी ९ व्होल्ट दिले. तासाभरात चोवीसचा वीस झाला. वीज ५० वॅटवरून २८ वर आली. कारण सोपं आहे. उपसा करंटच्या पटीत वाढतो, चिपचं स्वतःचं तापणं करंटच्या वर्गात. सिंक कमजोर असेल तर जास्त वीज देऊन आपण गरम तोंड आणखी गरम करतो, आणि गरम तोंड वाढलं की पायांतून झिरपणं वाढतं. हे मी शिकवताना दरवर्षी फळ्यावर काढत असे. प्रत्यक्ष डब्यावर काटा खाली येताना पाहायची मजा निराळीच, आणि ती मला निवृत्तीनंतर मिळाली याची थोडी खंतही वाटली.

खरा घाव सिंकवर घालायचा होता. मूळचा सिंक ॲल्युमिनियमचा ओढीव तुकडा, एका वॅटमागं अर्ध्या अंशाहून जास्त तापणारा. त्याच्या जागी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला बसतो तसा हीटपाइपचा, म्हणजे उष्णता झटकन वर नेणाऱ्या बंद नळ्यांचा, उभा टॉवर लावला. गरम तोंड ८६ वरून ६० च्या खाली उतरलं. पेस्ट बदलून चार-सहा अंश मिळाले होते, इथं एका झटक्यात वीसच्या वर. आणि सिंक सुधारल्यावर पुन्हा १२ व्होल्ट परवडायला लागले. डबा ९ ला आला.

बोल्ट राहिले होते. गरम सिंक आणि आतला गार सिंक एकमेकांना आवळणारे दोन चार-मिमीचे साधे लोखंडी बोल्ट. त्यांतून पावणेदोन वॅट आत येत होते, म्हणजे चिपच्या निव्वळ कमाईच्या चौथाई. स्टेनलेसचे घातले, कारण स्टेनलेस लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहतं, खाली नायलॉनची बुशी आणि स्प्रिंग वॉशर. पफची (उष्णता अडवणाऱ्या फोमची) भिंत ४० मिमीची ६० केली. ४४ अंशांच्या शेडमध्ये डबा ७ ला टेकला.

सात म्हणजे पास. पण काठावर. बाहेर एक अंश वाढला की आत जवळपास तेवढंच वाढतं, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, अजून लागायचा होता. ४६ झाले की डबा नापास.

शीटची योग्य जागा

मधल्या काळात एक वेगळीच अडचण पुढं आली. आतल्या सिंकजवळची कुपी आणि दारालगतची कुपी यांत पाच अंशांचा फरक. आतलं अस्तर प्लास्टिकचं. थर्मोस्टॅट दाराजवळ लावला तर मागची कुपी गोठण्याच्या दिशेनं जाणार, मागं लावला तर पुढची गरम राहणार. इथं उष्णता आडवी पसरवायची गरज होती, भिंतीच्या अंगानं. म्हणजे शीटला जे येतं तेच काम. ०.१ मिमीची, १५०० वाहकतेची शीट पसरवण्याच्या कामात जवळजवळ पाऊण मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बरोबरीची. आम्ही ती अस्तराच्या मागं, दोन्हीकडून प्लास्टिक फिल्मनं झाकून, मागच्या भिंतीवर आणि दोन बाजूंना चिकटवली. फरक पाचवरून दीडवर आला.

फिल्म का, तर पहिल्या प्रयत्नात शीटचा एक तुकडा पंख्याच्या दोन उघड्या टोकांवर पडला आणि फ्यूज उडाला. ग्रॅफाइट विजेचंही वाहक आहे हे मला माहीत होतं, तुकडे झाडून घ्यायला मात्र मीच विसरलो होतो.

खरं सांगायचं तर, एका जागी ठेवायच्या डब्याला पाऊण मिमीचा पत्रा स्वस्तात हेच करतो. शीटचा फायदा वजनात, आणि गाडीवर न्यायच्या डब्यासाठी तो मोलाचा. मालकांकडं शीट आणलेलीच होती म्हणून ती लागली.

पायांतलं ग्राफिन

आमच्या चाचण्या पाहायला मालकांच्या ओळखीचा इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी दोनदा येऊन गेला. त्यानं विचारलेला प्रश्न या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "सर, ग्राफिन चिपच्या आत, बिस्मथ टेल्युराइडमध्येच मिसळलं तर?"

तिथं गंमत आहे. पेस्टमध्ये ग्राफिन घालायचं ते उष्णता वाहावी म्हणून. चिपच्या पायांत घालायचं ते उष्णता अडावी म्हणून. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाची प्रत एका गुणोत्तरानं मोजतात, ज्यात वीज चांगली वाहणं वर असतं आणि उष्णता चांगली वाहणं खाली. बिस्मथ टेल्युराइडचं हे गुणोत्तर खोलीच्या तापमानाला एकच्या आसपास. त्याच्या भुकटीत ग्राफिनचे अगदी थोडे पापुद्रे मिसळून ती दाबून भाजली की पापुद्रे कणांच्या सीमांवर जाऊन बसतात. उष्णता वाहून नेणाऱ्या जाळीच्या कंपनांना या सीमा आडव्या येतात, आणि प्रमाण जमलं तर विजेची वाट फारशी अडत नाही. प्रमाण चुकलं, जास्त झालं, तर ग्राफिन स्वतःच उष्णतेचा रस्ता बनतं आणि पदार्थाचा बाकीचा गुणही पातळ करतं. एकच पदार्थ, चिमूटभर घातला की बांध, मूठभर घातला की कालवा.

आमच्या डब्यात याला किती किंमत, ते विद्यार्थ्याकडूनच काढून घेतलं. पहिल्या दुपारी पायांतून ३७ वॅट मागं झिरपत होते. ते झिरपणं दहा टक्क्यांनी घटलं तर पावणेचार वॅट वाचतात. निव्वळ कमाई सहा-सात वॅट असताना ती दीडपट झाली. दोन तोंडांतलं अंतर जेवढं मोठं तेवढा हा फायदा मोठा, म्हणजे पायांतल्या सुधारणेची खरी गरज पुण्यापेक्षा नागपूरला जास्त. माझं मत विचाराल तर थर्मोइलेक्ट्रिक कूलिंगमध्ये ग्राफिनवर पैसा आणि डोकं लावायची जागा ही आहे. पेस्टची ट्यूब विकायला सोपी, म्हणून जाहिरात तिची होते. विद्यार्थ्यानं प्रोजेक्टला हाच विषय घेतला आहे.

ताईंची सूचना

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेड ४६ वर गेली आणि डबा साडेआठवर. पॅकिंगला बसणाऱ्या एक ताई चार दिवस आमचा तमाशा बघत होत्या. त्या म्हणाल्या, "डब्बा कूलरपुढं काऊन नाही ठेवत? आपण नाही का बसत!"

मी हसलो आणि मग हसू आवरलं. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ओल्या ताटीतून आलेला वारा चौदा-पंधरा अंशांनी उतरतो. घरोघरी वाळ्याच्या ताट्या आणि पत्र्याचे कूलर त्यावरच चालतात. टॉवरच्या पंख्याच्या तोंडाशी वाळ्याची वितभर ताटी बसवली, वर सलाईनची नळी लावलेली पाण्याची बाटली. पंख्याला ३० अंशांची हवा मिळू लागली. आता ९ व्होल्टवर डबा ५ ला टिकून राहिला, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून चिप बंदही करू लागला. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर. तीन तासांच्या भारनियमनाला दीड लिटरची बाटली.

ताटी सिंकच्या पात्यांपासून चार बोटं लांब ठेवावी लागते. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार दोन दिवसांत वाळ्यावर पांढरे दिसायला लागतात, ते ॲल्युमिनियमवर उडाले तर सिंकचं वाटोळं. पावसाळ्यात दमट हवेत ताटी काही कामाची राहत नाही, पण तेव्हा बाहेरच तिशीच्या आसपास असतं. त्या दिवसांत धोका दुसरा, गार तोंडावर दव धरून पाणी चिपमध्ये शिरण्याचा. म्हणून चिपच्या चारी कडा आता सिलिकॉननं बंद करतो.

परत आलेले अकराही डबे टॉवर, स्टेनलेस बोल्ट आणि जादा पफ लावून दुरुस्त झाले. सातांसोबत ताटीचा सांगाडाही दिला, कारण ते काटोल-सावनेरकडच्या दुकानांचे होते. खर्चात सर्वांत मोठा वाटा टॉवरचा, सर्वांत लहान वाळ्याचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी नवं स्टिकर छापून आणलं. ठळक अक्षरांत 'ग्राफिन कूलिंग'. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा डबा टॉवरवर आणि वाळ्यावर चालतो."

"शीट आत लावली ना सर? मग खोटं काय?" ते म्हणाले. "अन् वाळा लिहिलं तं कोन घेईल?"

ताई तिथंच खोकी बांधत होत्या. त्यांनी स्टिकर घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर बाटली किती तासांनी भरायची ते कुठं लिवलं?" ते लिहिलेलं नव्हतं. स्टिकर परत छापायला गेलं.